‘६० टक्के निधी खर्च’, पण काम किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक रस्त्याचा ६० टक्के निधी खर्च’, ‘मार्चअखेर इतके कोटी अखर्चित’ अशा बातम्या आपल्या सोलापूरच्या पानावर वर्षभर येत असतात. पहिली वाचली की काम चांगले पुढे सरकले असे वाटते. दुसरी वाचली की अधिकारी झोपलेत असे वाटते. खरे काय ते दोन्हींतून कळत नाही, कारण त्या पैशात काम किती झाले हा आकडाच दोन्हींत नसतो. तो कामाच्या कागदांत असतो, पण कुणी विचारत नाही म्हणून बाहेर येत नाही. आपल्या वार्ताहरांनी तो विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लांबले तर कापा, पण मधला हिशेब ठेवा.

मी बांधकाम ठेकेदारांच्या कचेरीत बिले करण्यात नोकरीची सगळी वर्षे घालवली. रस्ते, गटारी, शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या. बहुतेक कामे सरकारी, थोडी खासगी. साइटवरून मापे यायची, ती अंदाजपत्रकातल्या बाबींप्रमाणे मांडायची, अभियंत्यांच्या मोजमाप पुस्तिकेशी, म्हणजे एमबीशी ताडायची आणि आरए बिल तयार करायचे. आरए म्हणजे रनिंग अकाउंट, चालू देयक. काम सुरू असताना ठेकेदाराला पैसे याच बिलावर मिळतात. त्यात प्रत्येक बाबीसमोर निविदेतले परिमाण, म्हणजे किती काम करायचे ते, असते, आजवर झालेले परिमाण असते, दर असतो आणि रक्कम असते. म्हणजे काम कुठे चालले आहे ते महिन्याच्या महिन्याला सांगणारा कागद आपल्या प्रत्येक कार्यालयात आधीपासून आहे. तो पैसे देण्यासाठी वापरतात, काम अंदाजात बसणार की नाही हे पाहण्यासाठी फारसा कुणी उघडत नाही. माझी खंत तीच आहे.

रस्त्याखालच्या एका गटारीचे उदाहरण घ्या. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. हा थर कुठे दोन फुटांवर लागतो, कुठे सहा फुटांवर. गटारीचे किंवा जलवाहिनीचे अंदाजपत्रक करताना चाचणी खड्डे मोजकेच घेतले जातात आणि खोदाईचा मोठा भाग माती-मुरमात धरला जातो. प्रत्यक्षात खडक फोडायचे यंत्र, म्हणजे ब्रेकर, लावावा लागतो. कठीण खडकातल्या खोदाईचा दर माती-मुरमाच्या कित्येक पट असतो. दोन किलोमीटरची गटार असेल तर पहिल्या चारशे मीटरची मापे एमबीत चढली की पुढे काय होणार ते जवळजवळ कळते. खडकाचे निविदेतले परिमाण तिथेच निम्मे संपलेले असते, काम मात्र पाचवा हिस्सा झालेले असते. त्या दिवशी कुणी दोन आकडे शेजारी ठेवले तर निर्णय घेता येतो. खोली बदलता येते का, मार्ग थोडा सरकवता येतो का, की वाढीव खर्चाला सुधारित मान्यता मागायची? आणि मागायची तर किती रकमेची? पण मान्यतेचा कागद निघतो पैसे संपल्यावर. तोवर गल्लीत चर पडलेला असतो आणि ठेकेदाराने माणसे दुसऱ्या साइटवर नेलेली असतात.

यात सर्वसामान्य माणसाचे नुकसान कुठे होते ते सांगते, कारण ते बातम्यांत कधी येत नाही. कामातल्या सगळ्यात शेवटच्या बाबी नेमक्या आपल्या उपयोगाच्या असतात. चर बुजवून रस्ता पूर्ववत करणे, चेंबरची झाकणे, पदपथ, पावसाळी गटारीची जोडणी. आधीच्या बाबींत पैसा जास्त गेला तर कात्री या शेवटच्या बाबींना लागते. पाइप टाकून झाल्यावर मुरूम पसरून ठेवलेला आणि डांबर महिनोन्महिने न पडलेला रस्ता आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पावसाळ्यात चिखल, नंतर धूळ. लोक म्हणतात, पैसे खाल्ले. कधी ते खरेही असेल. पण मी ज्या फायली हाताळल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पैसा खोदाईतच संपलेला असायचा आणि तो संपतो आहे हे वेळेवर कुणी मोजलेले नसायचे.

जलवाहिनीच्या कामात आणखी एक गोष्ट होते, आणि वर्षानुवर्षे दिवसांआड पाणी भरत आलेल्या सोलापूरकराने ती जरूर समजून घ्यावी. पाइपच्या कामाचे पैसे साधारणपणे टप्प्यांनी देतात. पाइप जागेवर उतरला की मोठा हिस्सा, टाकून जोडला की पुढचा, पाण्याच्या दाबाची चाचणी झाली की उरलेला. पाइपची किंमतच मोठी असल्याने, रस्त्याच्या कडेला नुसते पाइप येऊन पडले तरी निम्मा निधी ‘खर्च’ झालेला दिसतो. जमिनीत मात्र काहीच गेलेले नसते. उजनीपासून सोलापूरपर्यंतची समांतर जलवाहिनी ११० किलोमीटरची. इतक्या लांबीच्या कामात ‘इतके टक्के खर्च’ या एका आकड्यावरून पाणी कधी येणार याचा अंदाज बांधायचा तरी कसा? पाइप किती आले, किती टाकले, किती जोडले आणि किती लांबीची चाचणी उतरली, असे चार वेगळे आकडे हवेत. शेवटच्या आकड्याला खरे काम म्हणायचे.

आता हिशेब. सरकारी फायलींचे आकडे मी वर्तमानपत्रात देणार नाही, म्हणून आमच्या इमारतीचे देते. जुळे सोलापुरात आमची २४ घरांची सोसायटी आहे. दोन वर्षांपूर्वी मोठी दुरुस्ती काढली. अंदाज १८ लाखांचा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग ४ लाख, बाहेरचा जुना गिलावा काढून नवा करणे १,००० चौरस मीटर, ७०० रुपये दराने ७ लाख, सांडपाण्याचे उभे पाइप २ लाख, रंग साडेतीन लाख, परांची आणि किरकोळ दीड लाख. मृगाच्या आधी गच्ची उरकायची म्हणून काम तिथून सुरू केले. दोन महिन्यांनी कमिटीची बैठक झाली तेव्हा ठेकेदाराला ९ लाख दिलेले होते. आमचे अध्यक्ष समाधानाने म्हणाले, “ताई, निम्मे पैसे गेले, निम्मे शिल्लक आहेत. बरोबर चाललंय की.”

मी सभेला येण्याआधी टेप घेऊन इमारतीभोवती फिरले होते. गच्ची पूर्ण झाली होती, म्हणजे अंदाजाप्रमाणे ४ लाखांचे काम. गिलावा २०० चौरस मीटर, म्हणजे १ लाख ४० हजार. परांची निम्म्या इमारतीला, म्हणजे ७५ हजार धरले. पाइप आवारात पडून होते, एकही बसवलेला नव्हता, म्हणून शून्य. बेरीज ६ लाख १५ हजार. नऊ लाख देऊन आमच्या पदरात सव्वासहा लाखांचेही काम पडलेले नव्हते. हेच प्रमाण शेवटपर्यंत राहिले तर १८ लाखांचे काम २६ लाखांवर जाईल, हे मी फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा सभेत शांतता झाली.

हा २६ लाखांचा आकडा म्हणजे भविष्य नव्हे, आणि आकडेवाल्यांची चूक बऱ्याचदा इथेच होते. ६ लाख १५ हजार आणि ९ लाख यांच्यातले २ लाख ८५ हजार कुठे आहेत, हे उलगडल्याशिवाय पुढचा अंदाज करू नये. आम्ही उलगडले. १ लाख २५ हजार पाइपच्या खरेदीपोटी आगाऊ गेले होते. ते बुडालेले नव्हते, काम झाले की वळते होणार होते. ५० हजार गिलाव्यापोटी उचल होती, तीही पुढच्या बिलातून कापायची होती. उरलेले १ लाख १० हजार मात्र खरी वाढ होती. गच्चीवरचा जुना कोबा फोडून काढावा लागला आणि ती बाब अंदाजात धरलेलीच नव्हती. म्हणजे त्या दिवसापर्यंतची खरी वाढ २ लाख ८५ हजारांची नव्हती, १ लाख १० हजारांची होती.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी फसलो असतो. झालेल्या कामाचा हिशेब लागला की उरलेले काम पुन्हा मोजावे लागते, आणि हा टप्पा सगळेच गाळतात. आम्ही गिलाव्याचे क्षेत्र नव्याने मोजले. अंदाज करणाऱ्याने छज्जे आणि मधल्या डक्टच्या भिंती धरल्याच नव्हत्या. १,००० ऐवजी १,२४० चौरस मीटर भरले, म्हणजे आणखी १ लाख ६८ हजार. आता खरा अंदाज निघाला. १८ लाख, अधिक १ लाख १०, अधिक १ लाख ६८, म्हणजे २० लाख ७८ हजार. हा आकडा हातात आला तेव्हा रंगाला सुरुवातही झालेली नव्हती. म्हणून सभेला निवडीला वाव होता. दर्शनी भागाचा टेक्स्चर रंग सोडून साधा ॲक्रिलिक घेतला, त्यात ९० हजार वाचले. उरलेल्या फरकासाठी घरटी ८ हजार काढायचे ठरले. कुणी भांडले नाही, कारण कशासाठी द्यायचे ते सगळ्यांसमोर मांडलेले होते. ठेकेदारालाही सांगितले की यापुढे उचल नाही, जेवढे मोजले तेवढेच बिल. त्यानेही ते मुकाट्याने मान्य केले. मोजणाऱ्या माणसापुढे ठेकेदार नीट वागतो, हा माझा कचेरीतला जुना अनुभव आहे.

ही रीत मी शोधलेली नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या मोठ्या ठेक्यांना ती सक्तीची केली. झालेल्या कामाची ठरलेली किंमत काढायची, ती एकीकडे प्रत्यक्ष खर्चाशी आणि दुसरीकडे आजपर्यंत व्हायला हव्या असलेल्या कामाच्या किमतीशी ताडायची. पहिल्या तुलनेतून पैशाचे कळते, दुसरीतून वेळेचे. स्थापत्य शिकणारी आपली मुले हे ‘अर्न्ड व्हॅल्यू’ नावाने परीक्षेला लिहितात. नोकरीला लागल्यावर ते विसरायला लागावे, हे मला पटत नाही.

आपल्या देशातही निम्मी वाट आधीच चाललेली आहे. केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांचे अहवाल काढते. त्यात मूळ खर्च, आजवरचा खर्च आणि त्यांच्या जोडीला ‘अपेक्षित खर्च’, म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत एकूण किती लागतील, तेही असते. आपल्या गल्लीतल्या दोन कोटींच्या कामाला ही अपेक्षित खर्चाची ओळ का नसावी? ती नसली की काय होते, याचा महाराष्ट्राला मोठा अनुभव आहे. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा म्हणून मान्यता मिळालेला विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढी वाढ एका वर्षात होत नाही. भूसंपादन, पुनर्वसन, लांबलेली मुदत, चढलेले भाव हे दरवर्षी थोडे थोडे साचत गेले.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त ठेकेदारांवर घसरले असे होईल. खर्च कमी दिसतो म्हणजे काम कमी झाले, असेही नसते. काम झालेले असते, मापे चढलेली असतात, बिल सही होऊन पडलेले असते, पण निधी नसतो. कंत्राटदारांची देयके थकल्याच्या बातम्या आपणच छापता. त्याच आठवड्यात ‘निधी अखर्चित’ असाही मथळा असतो. झालेल्या पण न दिलेल्या कामाची रक्कम खर्चात धरलीच पाहिजे. ते देणे आहे, आज ना उद्या द्यावेच लागते, आणि ते न धरता शिल्लक मोजली तर त्या शिलकीवर नवे काम मंजूर होते. एकच पैसा दोनदा खर्ची पडतो आणि पुढच्या वर्षी दोन्ही कामे अडकतात. मार्चअखेरीला तर आणखीच गोंधळ. खर्च दाखवायचा म्हणून साहित्य उचलून ठेवतात, आगाऊ रकमा देतात. त्या महिन्याच्या खर्चाच्या आकड्यावरून कामाची गती ठरवणे सर्वस्वी चुकीचे आहे.

काही वाढ कुणाच्या हातात नसते, हेही खरे. बहुतेक सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. चालू असलेल्या एक कोटीच्या कामावर सहा लाखांचा फरक एका रात्रीत पडला. डांबर, सळई, सिमेंट यांचे भाव हलतात. अशी वाढ वेगळ्या ओळीत दाखवावी. खडकाची वाढ, दराची वाढ, कराची वाढ आणि नंतर सुचलेल्या कामाची वाढ एकाच ‘सुधारित अंदाजपत्रका’त घातली की कुणालाच जाब विचारता येत नाही. त्यातही ‘नंतर सुचलेले काम’ फार महाग पडते. उद्घाटनाआधी कुणाला कमान हवी असते, कुणाला जादा दिवे. बिल करताना त्या जादा बाबी माझ्याच हातून लिहिल्या गेल्या आहेत. त्यांच्यासाठी पैसा मूळ कामातल्या कोणत्या बाबीतून निघाला, ते मी प्रत्येक वेळी पाहिले आहे.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचे नाव आले तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता. त्या योजनेत केंद्राचा वाटा शहरामागे ५०० कोटींपर्यंत होता आणि मार्च २०२५ मध्ये ती संपली. त्या सगळ्या वर्षांत मी आपल्या अंकातून ‘निधी आला’, ‘निधी खर्च झाला’ हेच वाचत राहिले. पुढची योजना येईल तेव्हा तरी दर महिन्याला कामाचा आकडा शेजारी छापून यावा, असे मला मनापासून वाटते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयाने आपला निधी, प्रस्तावित खर्च आणि दिलेल्या रकमा स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकारात कामाची आणि कागदांची पाहणी करणे, साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही स्पष्ट धरलेले आहे. १० रुपयांच्या अर्जावर कुणीही एमबीतली पाने मागू शकते. पण सामान्य माणसाला एमबी वाचता येत नाही आणि त्याला तेवढा वेळही नसतो. वर्तमानपत्राने विचारले तर सगळ्यांसाठी एकदाच विचारून होते.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. कामाच्या जागी फलक असतोच. कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, सुरुवात, मुदत. त्याच फलकावर दर महिन्याला चार आकडे खडूने लिहिले तरी चालतील. आजवर झालेल्या कामाची अंदाजपत्रकातली किंमत, त्या कामावर दिलेली आणि देणे असलेली रक्कम, आगाऊ किंवा साहित्यापोटी गेलेली रक्कम, आणि काम पूर्ण होईपर्यंतचा आजचा अंदाज. हे काढायला शाखा अभियंत्याला आरए बिल समोर असताना अर्धा तासही लागत नाही. माणूस वाढवायला नको, सॉफ्टवेअर घ्यायला नको. ‘आकडे उघडे केले तर लोक रोज येऊन भांडतील’, असे एक अधिकारी मला पूर्वी म्हणाले होते. मला उलटे वाटते. चर का पडून आहे हे कळत नाही, तेव्हाच लोक जास्त चिडतात.

तोवर आपण एवढे करावे. एखाद्या कामाच्या खर्चाची बातमी देताना हे चार आकडे मागावेत आणि मिळाले नाहीत तर ‘मिळाले नाहीत’ असे बातमीत लिहावे. सुरुवातीला शहरातली चालू असलेली पाच कामेच घ्यावीत आणि महिन्यातून एकदा एक छोटी चौकट द्यावी. आपल्या वार्ताहरांपैकी कुणाला आरए बिल कसे वाचायचे, जादा बाब कुठे लपते, परिमाण पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढले की दराचा प्रश्न कसा उभा राहतो, हे समजून घ्यायचे असेल तर मी आनंदाने बसून शिकवीन. आमच्या सोसायटीचा तक्ता, नावे काढून, सोबत जोडत आहे. त्यात शेवटचे दोन रकाने कोरे ठेवले आहेत, ते आपल्याला हव्या त्या कामासाठी भरता येतील.

आपली नम्र,
एक निवृत्त बिलिंग लेखनिक, जुळे सोलापूर
(जुन्या कचेऱ्यांचा उल्लेख टाळावा म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. पत्ता व फोन आपल्या नोंदीसाठी वेगळा दिला आहे.)